पिंपावरची चिंधी

पूर ओसरला तेव्हा आमच्या घराची फक्त वरची अर्धी खिडकी चिखलाबाहेर दिसत होती. माझी सासू हेर्मेलिंदा बांधावर उभी राहून बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिली. आता ही रडणार, असं समजून मी आधीच तोंड पाडून तयार राहिलो. पण ती म्हणाली, "खिडकी उघडीच ऱ्हायलीया. पानी चढायच्या आदी लाव म्हनून तुला सांगितलं हुतं का न्हाई?"

अख्खी उलुआ नदी घरातून वाहून गेली होती आणि खापर माझ्यावर फुटलं. घरजावयाला हे नवीन नसतं. मी मान डोलावली आणि फावडं उचललं.

सगळी वस्ती नदीच्या बांधावर मुक्कामाला होती. ताडपत्र्या, गाद्या, कोंबड्या, डुकरं, संतांच्या तसबिरी, असं सगळं एका रांगेत. आमच्या ताडपत्रीला लागून ओतिलियाची ताडपत्री. खाली शेजार होता तोच वर आला होता. माझ्या बायकोला, दिल्सियाला, बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्माची आई म्हणून ओतिलियानं हातावर घेतलं होतं, त्यामुळे ती आणि माझी सासू एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या होत्या. हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा कडक. कोमाद्रेशी भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, अगंतुगं करायचं नाही. म्हणून या दोघी सारा जन्म अहो-जाहो करत भांडत आल्या होत्या.

भांडण पक्षाचं. हेर्मेलिंदा निळ्यांची, ओतिलिया तांबड्यांची. दोघींनाही पक्ष आईकडून आलेला, जसं नाक येतं तसा. निवडणूक आली की दोन्ही पक्ष फुकट झेंडे वाटत. ते झेंडे आम्ही जपून ठेवायचो, कारण पुराला त्यांचीच गरज लागायची. पुरात वाहून आलेल्या वस्तूला ज्यानं पहिली चिंधी बांधली, त्याची ती वस्तू. ओंडका असो, दार असो, पाण्याची टाकी असो. मूळ मालक समोर येऊन छाती बडवून घेऊ लागला तरी चिंधी सुटत नाही. ज्यानं बांधली त्यानंच आपल्या हातानं सोडायची. पाणी उतरलं की सगळे फाडलेले झेंडे घेऊन चिखलात उतरायचे आणि मग संध्याकाळपर्यंत खालचा मुलूख निळ्या-तांबड्या चिंध्यांनी असा भरायचा की परक्याला वाटावं, इथं प्रचार जोरात चाललाय.

आमचं या पुरात पुष्कळ गेलं, पण सासूच्या जिवाला लागलं ते पिंप. वरून कापलेलं, काळंकुट्ट झालेलं लोखंडी पिंप. नाताळच्या आदल्या दिवशी ती त्यात सगळ्या वस्तीचे तमाल शिजवायची. मक्याचं पीठ, डुकराचं मटण, केळीच्या पानात बांधलेलं एकेक पुडकं, आणि खाली दिवसभर जाळ. निळे, तांबडे, कुठल्याच पक्षाला मत न देणारे, सगळे त्या दिवशी तिच्या दारात रांग लावायचे. एरवी तिला कुणी हेर्मेलिंदा म्हणो, कुणी म्हातारी म्हणो, त्या दिवशी तिचा शब्द चालायचा. पिंप नाही म्हणजे तमाल नाहीत, आणि तमाल नाहीत म्हणजे ती बांधावरची एक विधवा. हे ती बोलली नाही, पण मला कळत होतं. नाताळ तोंडावर आला होता.

"पिंप कुटनं बी आन," ती मला म्हणाली. "नदीनं आमचं नेलं, तर कुनाचं तरी आमाला आनलंच असंल."

खोऱ्यातल्या पाद्रीबाबांनी सडकेवर तांदूळ वाटायचं ठरवलं, त्या दिवशी सगळा बांध तिकडे लोटला. आम्ही परत येत होतो तेव्हा नदीतून एक मोटारहोडी संथ चालली होती. तिच्यात नखशिखांत पांढरा पोशाख घातलेली दोन-तीन माणसं. तोंडावर मुखवटे, हातात जाड हातमोजे. होडीवर भोंगा बांधलेला. वारा आडवा होता, म्हणून तुकडे तुकडे कानावर आले. "...तांबडी चिंधी बांधलेल्या पिंपाला... कुणीही हात लावू नये... तांबडी चिंधी..."

हेर्मेलिंदा डोक्यावरचं तांदळाचं पोतं खाली टेकवून उभी राहिली. त्या साली सरकार तांबड्यांचं होतं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "सरकार त्येंचं, होडी त्येंची, आन भोंगा बी त्येंचाच. आता त्येंच्या पिंपांना हात लावायचा न्हाई म्हनून सरकारी दवंडी."

"धोका-बिका असं काहीतरी म्हणत होते," मी म्हणालो.

"व्हय, आपल्यास्नी धोका. पोशाख बघ की. चिखलाचा थेंब अंगाला लागू नये म्हनून डोक्यापासनं पायापर्यंत झाकून घेतलंया."

मागून चालणारे सगळे निळे हसले. तांबडेही हसले, पण जरा गर्वानं. आपल्या पक्षानं आपल्या चिंध्यांची एवढी काळजी घ्यावी, याचं त्यांनाही नवल वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केळीच्या बागेत उतरलो. बाग कसली, आडवी झालेली खोडं आणि त्यांवर वाळत चाललेला गाळ. पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा आणि बाहेर काढताना बूट आतच राहायचा. मी दोनदा बुटासाठी हात घालून चिखल उपसला, आणि दोन्ही वेळा सासूनं कंबरेवर हात ठेवून वाट बघितली. बागेच्या कोपऱ्यात, दोन खोडांच्या बेचक्यात, ते पडलं होतं. मोठं थोरलं लोखंडी पिंप. कुठं पोचा नाही, गंज नाही, तोंड घट्ट बंद. रंग निळा. आणि कमरेला तांबडी चिंधी.

हेर्मेलिंदानं पुढे होऊन पिंपावर हात फिरवला.

"माझ्या बागेत," ती म्हणाली. "निळं पिंप. नदीला बी कळतं कुनाच्या बागेत काय टाकायचं. आन हिनं यिऊन तांबडं बांधलं."

"कुणी?"

"कोन म्हंजे? ह्या कोपऱ्याला कुनाची हद्द लागती?" हद्द ओतिलियाची लागत होती. "चिखलात रातच्याला उतरली असंल. मला त्वांडावर कोमाद्रे कोमाद्रे, आन माझ्याच बागेत..." बोलता बोलता तिनं ती चिंधी ओढून तोडली, चिखलात टाकली आणि ब्लाउजमधून निळी पट्टी काढून बांधली. दुसऱ्याची चिंधी तोडणं म्हणजे आमच्याकडे मोठं पाप. पण आडव्या केळींतून घड शोधणारा एक निळा शेजारी ते बघत होता, आणि तो म्हणाला, "म्या बी कालपासनं दोन तोडल्या. सगळीकडं त्येंच्याच चिंध्या. येवढं तांबडं कुटनं उगवलं कुनास ठावं."

पिंप भरलेलं होतं. पुरतं नाही, पण आत काहीतरी जड डुचमळत होतं. आम्ही ते बांधापर्यंत ढकलत नेलं. मी मागून खांदा लावायचा, सासू पुढून दोर ओढायची, आणि दर थोड्या वेळानं पिंप गाळात रुतायचं. ऊन डोक्यावर आलं. झाकणाच्या बाजूनं काहीतरी पाझरत होतं. माझा शर्ट खांद्यापाशी तेलकट झाला. लसूण सडल्यासारखा वास येत होता. डोळे चुरचुरायला लागले. मी पुसले तर जास्तच चुरचुरले.

"सासूबाई, हे काय असेल आत?"

"त्याल असंल."

"वास चांगला नाही."

"तुझ्या अंगाला येतो त्यो वास कुटं चांगला हाय? ढकल."

बांधाची चढण चढताना माझं डोकं ठणकत होतं आणि तोंडात सारखं पाणी येत होतं. उन्हानं होतंय असं मी मनाला सांगितलं. वर आलो तेव्हा आमचा कुत्रा शेपूट हलवत पुढे आला, पिंपाजवळ नाक नेलं आणि तसाच मागे सरकत ताडपत्रीखाली जाऊन बसला. मला त्याचा हेवा वाटला. मी भित्रा माणूस आहे, हे साऱ्या बांधाला माहीत होतं. त्यामुळे मी घाबरलोय असं म्हणालो असतो तरी त्यात कुणाला नवीन काही कळलं नसतं.

हेर्मेलिंदानं छिन्नी आणि हातोडा आणून माझ्यापुढे टाकला. "बूच काड. आतलं चरात वतून दे. मंग वरनं कापू."

चर ताडपत्र्यांच्या मागूनच जात होता. त्याच पाण्यात बायका भांडी घासायच्या आणि पोरं होड्या सोडायची. मी बुचाला छिन्नी लावली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यामुळे पहिला घाव बुचावर न बसता माझ्या अंगठ्यावर बसला. दिल्सिया हसली, सासूनं कपाळावर हात मारून घेतला. मी अंगठा तोंडात घालणार, तोच ओतिलिया आपल्या ताडपत्रीतून बाहेर आली.

"नमस्कार, कोमाद्रे," ती गोड आवाजात म्हणाली. "झ्याक पिंप घावलं म्हनायचं तुमास्नी."

"नमस्कार, कोमाद्रे. घावलं न्हाई, आमच्याच बागेत हुतं. कुनीतरी चुकून तांबडी चिंधी बांधली हुती त्येला. अंधारात दिसलं नसंल बिचारीला."

"बिचारी कोन, कोमाद्रे?"

"आता म्या काय नाव घ्यावं, कोमाद्रे? तुमी शान्या हायसा."

ओतिलियाच्या गालावर लाली चढली. पण आवाज तसाच. "तुमच्या म्हनन्याचा अर्थ, म्या तुमच्या बागेत शिरून चिंधी बांधली?"

"म्या कुटं म्हनलं? तुमीच म्हनालात."

आजूबाजूच्या ताडपत्र्यांतून माणसं बाहेर यायला लागली. कोमाद्रेंचं भांडण बघायला फार गोड असतं, आणि पुरानंतर बांधावर करमणूक तरी काय होती. मी हातोडा खाली ठेवला आणि अंगठा बघत बसलो.

"कोमाद्रे," ओतिलिया म्हणाली, "दिल्सियाच्या डोक्यावर हात ठिवून सांगते. म्या तुमच्या बागेत पाय बी ठिवलेला न्हाई." आणि तिनं खरंच पुढे येऊन माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला.

बाप्तिस्म्याला हातावर घेतलेल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कोमाद्रे खोटं बोलत नाही. पक्ष कुठलाही असो. हेर्मेलिंदाचा चेहरा उतरला. ती पिंपाकडे बघायला लागली.

"मंग ही चिंधी बांधली कुनी?"

"आमच्यात बी त्येच चाललंय कालपासनं," ओतिलिया म्हणाली, आता साध्या आवाजात. "माझ्या बागेमागं बी दोन पिंपांना तांबडी चिंधी. म्या बांधली न्हाई. हिनं म्हनावं तिनं बांधली, तिनं म्हनावं हिनं. आमचेच लोक एकमेकांच्या उरावर बसल्याती."

मग मला होडीची आठवण झाली. तांबड्या चिंधीच्या पिंपाला हात लावू नये. मी माझ्या खांद्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि छिन्नीपासून जमेल तेवढा लांब सरकलो.

"सासूबाई," मी म्हणालो, "त्या चिंध्या पक्षाच्या नव्हत्याच. होडीवाल्यांनी बांधल्या होत्या."

सगळ्यांनी बांधावर नजर टाकली तर कुठं निळ्या चिंधीचं पिंप, कुठं निळ्या चिंधीचा डबा, कुठं हिरवी टाकी. एकावर कोणीतरी पोरगं बसून पाय हलवत होतं. त्याच्या आईनं धावत जाऊन त्याला उचललं. एक माणूस पळत होडी शोधायला नदीच्या कडेनं निघाला.

होडी दुपारीच आली. पांढऱ्या पोशाखातून मुखवटा काढून जी बाहेर आली ती तरुण बाई होती. नोहेलिया. शहरातून आलेली इंजिनेर बाई. तिच्याबरोबर होडी चालवणारा चेपे, आमच्यासारखाच बांधावर वाढलेला, पण खालच्या अंगाच्या बांधावर. नोहेलिया केळीच्या बागा हिंडून आली होती आणि तिला घाम फुटला होता.

"मी एवढ्या चिंध्या बांधल्या होत्या," ती म्हणाली. "निम्म्या शिल्लक नाहीत. त्यांच्या जागी निळ्या. हे काय झालं?"

चेपेनं इकडे-तिकडे पाहिलं आणि तो मोठ्यानं हसायला लागला. "बाई, तुमच्याकडची धोक्याची छापील फीत संपली, तवा तुमी काय फाडलं?"

"बाजारात तांबडं कापड मिळालं. धोक्याचा रंग तांबडाच असतो ना?"

"इथं त्यो पक्षाचा असतो. म्या त्या दिशी इंजिनापाशी हुतो, माझं ध्यान न्हाई गेलं." मग त्यानं तिला चिंधीचं सगळं समजावलं. ती ऐकत गेली आणि शेवटी स्वतःच्या कपाळावर हातमोज्याचा हात मारून हसली. मला ती तेव्हाच आवडली. चुकल्यावर हसणारं सरकारी माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

पण पुढच्याच क्षणी तिनं माझ्या खांद्यावरचा डाग पाहिला आणि हसू गेलं. "हे काय लागलंय? पिंप कुणी ढकललं? डोळे चुरचुरतायत? मळमळतंय? कपडे काढा. सगळे. आत्ताच."

"इथं?"

"इथंच. हे वरच्या एखाद्या गोदामातून वाहून आलेलं फवारणीचं औषध दिसतंय. कातडीतून आत जातं."

अशा रीतीनं सगळ्या बांधासमोर, निळ्यांच्या आणि तांबड्यांच्या साक्षीनं, मला चड्डीवर उभं करून साबणानं घासलं. चेपे बादल्या ओतत होता. नोहेलिया सांगत होती, अजून, कानामागे, नखांखाली. बायका तोंडावर हात धरून हसत होत्या आणि बोटांच्या फटीतून बघतही होत्या. हेर्मेलिंदालाही हातपाय धुवायला लावलं, पण तिनं ताडपत्रीच्या आडोशाला जाऊन धुतलं. माझे कपडे त्यांनी पिशवीत घालून बांधून नेले. घालायला मदतीच्या गाठोड्यातून कुणीतरी एक गुलाबी पायजमा आणला, त्यावर बदकं होती. डोकं ठणकणं संध्याकाळी थांबलं. पायजम्यावरून चिडवणं अजून थांबलेलं नाही.

आता प्रश्न नव्या चिंध्यांचा. तांबडं चालणार नाही, निळं चालणार नाही. नोहेलियानं पांढरं सुचवलं, तर तोही एका पक्षाचा. हिरवं आणि पिवळं फुटबॉलवाल्यांचं. लोक मनापासून विचार करायला लागले. कुणाचाच नसलेला रंग जगात आहे की नाही, हा प्रश्न आम्हाला आधी कधी पडला नव्हता. तेवढ्यात दिल्सियानं मदतीच्या गाठोड्यातून एक झगा ओढून काढला. कुठल्या देशातल्या कुठल्या श्रीमंत बाईनं पूरग्रस्तांसाठी तो पाठवला होता देव जाणे. गळ्यापासून पायापर्यंत चमचम करणाऱ्या टिकल्या. चिखलात राहणाऱ्या माणसांना तो कशाला, म्हणून आम्ही त्याच्याकडे बघून आठवडाभर हसलो होतो.

"हा कुठल्या पक्षाचा हाय?" दिल्सियानं विचारलं.

कुणाचाच नव्हता. ओतिलियानं कात्री आणली. झगा कापताना टिकल्या चिखलात सांडल्या आणि पोरं त्या वेचत सुटली. संशय येईल त्या पिंपाला, डब्याला, गॅसच्या टाकीला चमकीची पट्टी लागली. लोक आपापल्या हातानं आपल्या चिंध्या सोडायला लागले, कारण तसं केल्याशिवाय चेपे एकाही पिंपाला हात लावायला तयार नव्हता. बाईंनी दोनदा सांगितलं तरी तो म्हणाला, "न्हाई बाई. त्यांनी सोडल्याबिगर न्हाई. मला बी माझ्या बांधावर परत जायचं हाय."

शेवटी तो आमच्या पिंपापाशी आला. हेर्मेलिंदा पिंपाशेजारी उभी होती, निळ्या चिंधीवर हात ठेवून.

"हे द्यावं लागेल, मावशी," नोहेलिया हळू आवाजात म्हणाली. "धुऊन, जाळून, काहीही केलं तरी याच्यात अन्न शिजवता येणार नाही."

"आन तमाल कशात करू?"

नोहेलियाला तमालाचं माहीत नव्हतं. ती आमच्याकडे बघायला लागली आणि आम्ही सगळे जमिनीकडे. मला माझ्या सासूबद्दल एवढं वाईट पूर्वी कधी वाटलं नव्हतं. सासूनं गाठ सोडली. चिंधी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि पाठ फिरवून ताडपत्रीत गेली. पिंप त्यांनी मोठ्या पिवळ्या पिंपात सांभाळून ठेवलं, भोवती भुसा भरला, झाकण लावलं आणि होडीवर चढवलं.

जाण्यापूर्वी नोहेलियानं बांधावरची उरलेली पिंपंही तपासली. ओतिलियाकडे एक होतं, तांबडं, रुंद तोंडाचं, कडीच्या झाकणाचं. पुराच्या पहिल्याच सकाळी तिला सापडलेलं, तिची स्वतःची चिंधी लावलेलं. नोहेलियानं त्याच्या बुडाशी छापलेली अक्षरं वाचली, आत कापूस फिरवून पाहिला.

"डुकराची चरबी होती यात. खाण्याची. गरम पाण्यानं धुवा, काही भीती नाही." चमकी लागली नाही.

"पानी साठवायला हुईल," ओतिलिया म्हणाली.

हेर्मेलिंदा ताडपत्रीच्या तोंडाशी येऊन उभी होती. "चांगलं हाय, कोमाद्रे," ती म्हणाली. "झाकन बी हाय." मागणं शक्य नव्हतं. चिंधी बांधलेली वस्तू मागणं म्हणजे भीक, आणि कोमाद्रेकडे भीक मागायची तर मग राहिलं काय.

त्यानंतर घरात एक वाईट गोष्ट घडली. सासू मला बोलायची थांबली. मी चिखल उपसायला उशिरा गेलो, काही नाही. मी फावड्याचा दांडा मोडला, काही नाही. एकदा तर मुद्दाम त्या खिडकीबद्दल बोललो, तरी ती म्हणाली, "जाऊ दे आता." दिल्सिया घाबरली. आईला ताप तर नाही ना, म्हणून तिनं कपाळाला हात लावून पाहिला. बांधावरचे लोक येऊन विचारायचे, मावशी, औंदा तमाल कधी? ती म्हणायची, औंदा न्हाई. ते जरा वेळ उभे राहायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी यायचं.

मग एके दुपारी सडकेवर मका वाटणार म्हणून हेर्मेलिंदा आणि दिल्सिया तिकडे गेल्या. मी बदकांचा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून घरातला गाळ काढत होतो. बांधावरून ओतिलियानं हाक मारली.

"पोरा, जरा वर ये. आन येताना एक निळी चिंधी घिऊन ये."

"कशाला, मावशी?"

"कशाला इचारू नगंस."

मी चिंधी नेऊन दिली. तिनं ती दोन बोटांत धरली, जशी बायका मेलेला उंदीर धरतात. मग तिनं आपल्या तांबड्या पिंपाची तांबडी चिंधी सोडली. वाळलेली गाठ सुटेना, तर दातानं सोडली. आणि तिथं निळी बांधायला घेतली.

"माझ्या आयनं बघितलं असतं तर हात तोडला असता माझा," ती म्हणाली. वासरू बांधावं तशी तिनं गच्च गाठ मारली, ओढून पाहिली आणि हात स्कर्टला पुसले. "आता हे तुमच्या ताडपत्रीपाशी ढकल. दारात, मधोमध. आन कुनाला काय बी बोलू नगंस. मला आभार-बिभार नगंत. ती आभार मानाया लागली की मला मळमळतं."

"पण त्यांना काय सांगू?"

"काय सांगायचं त्यात? पुराचं दिवस हायती. नदीनं आनलं."

मी पिंप ढकललं. पिंप ढकलण्यात आता माझा हात बसला होता. हे पिंप रिकामं होतं, त्यामुळे पोकळ वाजत गेलं आणि बांधावरच्या सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली. कुणी काही विचारलं नाही. तांबडं पिंप, निळी चिंधी आणि गुलाबी पायजमा बघूनही विचारलं नाही, यावरूनच काय ते समजा.

संध्याकाळ व्हायच्या आत हेर्मेलिंदा मक्याचं पोतं घेऊन आली आणि दारात थबकली. तिनं पोतं उतरवलं. पिंपाभोवती एक फेरी मारली. झाकण उघडून आत वाकली, वास घेतला, बोटानं कड चाचपली. मग चिंधी हातात धरली.

"ही म्या बांधल्याली न्हाई," ती म्हणाली.

मी पायजम्यावरचा गाळ झटकला.

"तू बांधलीस?"

जन्मात पहिल्यांदा मला सासूकडून शाबासकी मिळायची वेळ आली होती, आणि त्यासाठी फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो."

तिनं गाठ ओढून पाहिली. गाठ हलली नाही. "खोटं," ती म्हणाली. "तुला अशी गाठ मारता येत असती तर आमचं डुकरू पुरात गेलं नसतं."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. ती पुन्हा बोलायला लागली होती.

ती बराच वेळ त्या गाठीवर अंगठा फिरवत राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं नाही, नुसतं वाळू दिलं. शेजारच्या ताडपत्रीपुढे ओतिलिया पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तांदूळ मघापासून तेवढाच होता.

"कोमाद्रे," हेर्मेलिंदानं हाक मारली. "ऐकलंत का? आमच्या दारात नदीनं पिंप आनून टाकलंया."

"बरं झालं की, कोमाद्रे," ओतिलिया मागे न बघता म्हणाली.

"पर बांध येवढा उंच. नदी हितवर कशी चढली असंल?"

ओतिलियानं सुपातला एक खडा उचलला आणि लांब फेकला.

"नदीचं काय सांगावं, कोमाद्रे. तिचा काय बी नेम न्हाई."

हेर्मेलिंदानं पोत्याचं तोंड सोडलं आणि माझ्याकडे वळली.

"नुसता उबा काय ऱ्हायलास बदकं घिऊन? मका भिजत घाल. दोन्ही घरांचा."